कंपाऊंड धनुष्य घेताना काय बघायचं आणि सराव किती करायचा

कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याबद्दल इंटरनेटवर शोधायला बसलं की बहुतेक माहिती अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेली सापडते. ७० पाउंडांचा ताण, सेकंदाला ३४० फूट वेग, आखूड आणि हलकं धनुष्य. त्यांच्या कामाला ते योग्यच आहे. शिकारी झाडावरच्या मचाणात तासन्‌तास बसतो, आणि दिवसभरात संधी मिळाली तर एखादा बाण सोडतो, तोही बहुतेक वेळा वीस-पंचवीस मीटरवर. इंदुरातला तिरंदाज स्पर्धेत ५० मीटरवर ७२ बाण मारतो, शिवाय सुरुवातीचे सरावाचे बाण वेगळे. दोघांच्या हातातली वस्तू दिसायला सारखी असली तरी गरजा उलट्या आहेत. शिकारीचा सल्ला वाचून घेतलेलं धनुष्य इथे दोन-तीन महिन्यांत खांदा दुखवतं आणि मग कोपऱ्यात पडून राहतं. हे टाळता यावं म्हणून हा लेख.

शिकारीचा विषय आपल्याकडे कायद्यानेच मिटला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे, मग हत्यार बंदूक असो की धनुष्य. रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आजही उभी आहे, पण भोवतालचं जंगल आता अभयारण्य आहे. माळव्यात नीलगाई आणि काळवीट शेतात घुसतात, नुकसान मोठं होतं, हे खरं आहे. तरीही आपल्या मर्जीने त्यांच्यावर बाण चालवता येत नाही. त्यासाठी सरकारी परवानगी लागते. म्हणून धारदार पात्यांची शिकारी टोकं, म्हणजे ब्रॉडहेड, मुळीच घेऊ नका. इथे त्यांचा उपयोग शून्य, फोमचं लक्ष्य ती एका दिवसात कापून टाकतात आणि बसवताना बोटंही कापतात.

खेळ म्हणून मात्र कंपाऊंडला आज चांगले दिवस आहेत. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाऊंडची पाचही सुवर्णपदकं भारताकडे आली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार असणार आहे. आपल्या मध्य प्रदेशची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे, इंदूरहून रात्रभराच्या गाडीचा प्रवास.

आधी ड्रॉ लेंथ (दोरी ओढायची लांबी)

मिसूरीच्या हॉलेस विल्बर अॅलन यांनी १९६६ मध्ये ज्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचं मर्म टोकांवरच्या चाकांत होतं. आजच्या कॅममुळे, म्हणजे या चाकांमुळे, सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, मग ताण एकदम उतरतो, आणि शेवटी दोरी भिंतीला टेकल्यासारखी थांबते. ही थांबण्याची जागा यंत्राने ठरवलेली असते. रिकर्व्हमध्ये, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्यात, अर्धा इंच कमी ओढलं तरी चालून जातं, कंपाऊंडमध्ये तशी सोय नाही. म्हणून ड्रॉ लेंथ चुकली की बाकी सगळं महागातलं घेऊनही फायदा होत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ताणू नका. मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसऱ्या माणसाकडून टेपने मोजून घ्या. इंचातल्या आकड्याला २.५ ने भागा. १७० सेंटीमीटर म्हणजे ६६.९ इंच, भागाकार २६.८. अशा माणसाने २६.५ वर सुरुवात करावी. शंका असेल तेव्हा अर्धा इंच कमी घेणं बरं, कारण नवख्यांची चूक जवळजवळ नेहमी लांबीच्या बाजूला होते. दुकानात धनुष्य ओढून बघताना छाती फुगवून मागे रेललं की लांब ड्रॉही आरामात बसल्यासारखा वाटतो.

लांब झालेला ड्रॉ ओळखायचा कसा? धनुष्याच्या हाताचं कोपर कडक होऊन लॉक होतं, डोकं मागे जातं, कंबर पुढे येते आणि दोरी मनगटाच्या वरच्या भागावर सपकन लागते. बाण डावी-उजवीकडे पसरतात. आखूड असेल तर पुढचं कोपर वाकलेलं राहतं, मागचं कोपर बाणाच्या रेषेत न येता बाहेर राहतं, आणि निशाणा थरथरतो. बाजूने मोबाइलवर फोटो काढा: बाण, मागच्या हाताचं मनगट आणि कोपर जवळपास एका रेषेत हवेत.

कॅमवरचा मॉड्यूल नावाचा तुकडा फिरवून ड्रॉ लेंथ बदलता येईल असाच कॅम निवडा. काही धनुष्यांत लांबी बदलायला अख्खा कॅम नवा घ्यावा लागतो आणि तो बसवायला बो प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारं यंत्र) लागते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी तर हा मुद्दा सगळ्यात वरचा, वर्षभरात त्याचा ड्रॉ इंचभर वाढू शकतो.

याच वेळी प्रबळ डोळाही तपासा. दोन्ही हातांच्या पंजांनी लहानसं भोक करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची खिडकी बघा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणा. भोक ज्या डोळ्यावर येतं तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर नव्याने सुरू करणाऱ्याने डावखुरं धनुष्य घ्यावं असं आमचं मत. महिनाभर अवघड जातं, नंतर आयुष्यभर एक डोळा मिटायची गरज पडत नाही.

पाउंड: मनाला वाटतात त्यापेक्षा दहाने कमी

जागतिक तिरंदाजीच्या नियमांत कंपाऊंडला कमाल ६० पाउंडांची मर्यादा आहे. ७० पाउंडांचं शिकारी धनुष्य साधारण ६० पर्यंतच खाली येतं, म्हणजे त्याची सगळ्यात सैल जागा हीच स्पर्धेची कमाल मर्यादा. आकडा बघून ते घेणाऱ्याची इथेच फसगत होते.

तपासणी अशी करा. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला. धनुष्य लक्ष्याच्या उंचीवर धरून, बाण लावून, सरळ मागे ओढा. ते आभाळाकडे उचलावं लागलं किंवा अंगाला हिसका द्यावा लागला तर ताण जास्त आहे. ओढून तीस सेकंद धरा, मग हळूहळू परत सोडा. असं सहा वेळा जमलं पाहिजे. दोरी सावकाश परत नेणं हाच यातला खरा कस आहे. ताण उतरलेल्या जागेतून दोरी पुढे सरकली की सगळं वजन एकदम अंगावर येतं आणि खांदा तिथेच ओढला जातो.

प्रौढ पुरुषाने ४० ते ४५, बाईने ३० ते ३५, बारा-तेरा वर्षांच्या मुलाने २० च्या आसपास सुरुवात करावी. बहुतेक धनुष्यं लिंबांचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट सैल करून कमाल ताणापेक्षा दहा पाउंड खाली येतात, म्हणून ५० पाउंडांच्या लिंब घेऊन ४० वर सुरू करणं सोयीचं. वरचा आणि खालचा बोल्ट सारखेच फेरे फिरवायचे. एका फेऱ्याला साधारण दोन ते तीन पाउंड फरक पडतो. माहितीपत्रकात दिलेल्या फेऱ्यांपेक्षा एकही जास्त सैल करू नका, लिंब खोबणीतून निसटू शकते.

लेट-ऑफ म्हणजे पूर्ण ओढल्यावर किती ताण उतरतो त्याची टक्केवारी. ५० पाउंडांवर ८० टक्के असेल तर हातात १० पाउंड राहतात, ६५ टक्के असेल तर साडेसतरा. शिकाऱ्याला हरीण वळेपर्यंत ओढून थांबावं लागतं, त्याला ८५-९० टक्के आवडतात. लक्ष्यावर मारणाऱ्याला हातात थोडं वजन राहिलेलं बरं, त्याने निशाणा स्थिर बसतो. ६५ ते ७५ मध्ये राहा.

लांबी, वजन आणि वेगाचा मोह

वरच्या कॅमच्या आसापासून खालच्या कॅमच्या आसापर्यंतची लांबी शिकारी धनुष्यात २८ ते ३३ इंच असते, स्पर्धेच्या धनुष्यात ३६ ते ४०. लांब धनुष्य हाताच्या बारीक चुका पचवतं. दोरीचा कोन मोकळा राहतो, नाकाला आणि ओठाच्या कोपऱ्याला दोरी नीट टेकते, आणि पीपमधून, म्हणजे दोरीत बसवलेल्या छोट्या भोकातून, बघायला मान वाकवावी लागत नाही. ड्रॉ २७ इंचांच्या आत असेल तर ३६ पुरे. २९ च्या वर असेल तर ३८-४०. ग्रिपपासून दोरीचं अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, ७ इंच किंवा जास्त बघा. ६ इंचांचं धनुष्य वेगवान असतं, पण बाण दोरीवर जास्त वेळ राहतो आणि सोडताना मनगट जरा हललं तर ते सगळं बाणात उतरतं.

जाहिरातीतला वेग ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेन (सुमारे २३ ग्रॅम) वजनाच्या बाणावर मोजलेला असतो. ड्रॉच्या दर इंचाला साधारण १० फूट, दर पाउंडाला २ फूट वजा करा. ३२० लिहिलेलं धनुष्य ५० पाउंड आणि २८ इंचांवर त्याच बाणाने २६० च्या आसपास येतं. ५० मीटरला एवढं भरपूर आहे. लक्ष्य जागेवरून हलत नाही, त्यामुळे वेगासाठी जास्त पैसे देण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

जुनं धनुष्य मिळत असेल तर कापसाचा बोळा लिंबांवरून वर-खाली फिरवा. जिथे कापूस अडकतो तिथे तंतू उठलेत, ते धनुष्य नको. कॅमची खाच वाकलेली किंवा त्यावर टोचे असतील तर कधीतरी बाणाशिवाय दोरी सोडली गेली आहे, तेही नको. टेपने आस ते आस आणि ब्रेस हाइट मोजून स्टिकरवरच्या आकड्यांशी जुळवा. पाव इंचापेक्षा जास्त फरक म्हणजे दोरी-केबल ताणल्या गेल्यात, नव्या संचाचा खर्च किमतीत धरून भाव करा. आणि इंदुरात बो प्रेस कोणाकडे आहे, तो माणूस त्या बनावटीच्या धनुष्याला हात लावेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.

बाण आणि बाकीचं सामान

बजेट ठरवताना धनुष्याइतकीच रक्कम बाकीच्या वस्तूंसाठी बाजूला ठेवा. रिलीज (दोरी सोडायचं साधन), साईट (निशाणा धरायचं साधन), रेस्ट (बाण टेकवायची जागा), पीप, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), डझनभर बाण, पेटी. सगळे पैसे धनुष्यावर घालून बाण हलके घेणं ही नेहमीची चूक, आणि धोक्याचीही. बाणाचं वजन दर पाउंडाला किमान ५ ग्रेन हवं. ५० पाउंडांवर २५० ग्रेन ही खालची मर्यादा. ३३० ते ३८० ठेवा, म्हणजे २१ ते २५ ग्रॅम. २५० पेक्षा हलक्या बाणाने बरीच ऊर्जा लिंबांत परत जाते. बाणच न लावता दोरी सोडली तर काय होतं हे यावरून कळेल: लिंब फुटते, केबल तुटते, तुकडे चेहऱ्यावर येतात. घरी पाहुणे आले की कोणीतरी गंमत म्हणून ओढून बघतं आणि सोडून देतं, तेव्हा पेटीला कुलूप लावा.

स्पाइनचा, म्हणजे बाणाच्या लवचिकतेचा, आकडा जितका लहान तितका बाण कडक. ४५ पाउंड, २७ इंची बाण आणि १०० ग्रेनचं टोक असेल तर ५०० च्या आसपासचा बाण बसतो, पण खरेदी बाणाच्या कंपनीच्या तक्त्यावरूनच करा. मारण्यापूर्वी प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवा, फिरवा, कानाशी धरा. कडकड ऐकू आली तर तो तिथेच मोडून फेका. तडा गेलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या चिरफळ्या पुढच्या हातात घुसतात.

रिलीज मनगटाला पट्ट्याने बांधायचा, तर्जनीच्या घोड्याचा असतो, किंवा मुठीत धरून अंगठ्याने चालवायचा. शिकायला सुरुवात अंगठ्याच्या रिलीजने करावी. तर्जनीला झटका द्यायची सवय लवकर लागते आणि ती मोडायला वर्ष जातं.

सराव कुठे, किती

गच्चीवर सराव करायचा नाही. वर उचललेल्या धनुष्यातून चुकून सुटलेला बाण तीनशे मीटर सहज ओलांडतो, आणि इंदूरच्या वस्तीत तीनशे मीटरांत किती घरं येतात ते गच्चीवरूनच दिसतं. मोकळं मैदान, लक्ष्यामागे मातीचा उंच बांध किंवा तिरंदाजीची जाळी, आणि बाजूने कोणी येणार नाही याची खात्री, हे तिन्ही जमलं तरच.

पहिल्या महिन्याला मैदानही लागत नाही. बंद गोदाम किंवा वाड्याची बंद पडवी, मागे भक्कम भिंत, चार मीटर अंतर. लक्ष्य घरीच होतं: गव्हाचं किंवा सोयाबीनचं रिकामं पोतं घ्या, त्यात जुने कपडे पायाने दाबून दाबून भरा. चेन, बटणं आणि हुक आधी कापून काढा, धातूवर आपटून बाणाचं टोक वाकतं. सैल भरलं तर बाण आरपार भिंतीवर जाईल, म्हणून मुठीने दाबून दबणार नाही इतकं घट्ट भरा.

या पोत्यावर कागद लावायचा नाही आणि साईटही काढून ठेवायची. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला ४० बाण, तीन आठवडे. पहिले दहा डोळे मिटून. उभं राहणं, ग्रिप अंगठ्याच्या गादीवर टेकणं, बोटं सैल ठेवणं, जबड्याखाली हाताची जागा, पाठीने ओढत राहणं, आणि बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्याचा हात न हलवणं. दर वेळी यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. निशाणा नसला की मन शरीरावर राहतं, आणि हे तीन आठवडे जो वगळतो त्याला पुढे वर्षभर ट्रिगरची भीती छळते: निशाणा मध्यावर आला की बोट आपोआप झटका देतं. असं व्हायला लागलं की पुन्हा दोन आठवडे पोत्यासमोर यावं, दुसरा इलाज नाही.

पुढे १० मीटर, मग १८. दर आठवड्याला रोजच्या सरावात दहाच बाण वाढवा, १०० ते १२० वर थांबा. थकल्यावर मारलेले बाण चुकीची सवय पक्की करतात. गट पसरायला लागला की त्या दिवसाचा सराव संपला. आठवड्यात दोन दिवस धनुष्याला हात लावू नका, त्या दिवशी रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवायचा व्यायाम, पंधराचे दोन फेरे.

५० मीटरला कधी जायचं? १८ मीटरवर ४० सेंटीमीटरच्या कागदाचं ९ चं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं असतं. सलग तीन दिवस ३० पैकी ३० बाण त्याच्या आत बसले तर जा. तोच पसारा ५० मीटरवर साधारण २२ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे ८० सेंटीमीटरच्या कागदावर सगळे बाण ८ किंवा वर. मधे ३० आणि ४० वर थांबून साईटच्या खुणा लिहून घ्या. बाण जिकडे पडतात तिकडेच साईट सरकवायची: डावीकडे पडले तर डावीकडे, खाली पडले तर खाली. एका बाणावरून काही बदलू नका, सहा बाणांचा गट बघा. बाणांवर आकडे टाका. तोच बाण वारंवार बाहेर गेला तर त्याचं नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) पाव वळण फिरवा, तरी नाही सुधारला तर बाजूला काढा.

शिकाऱ्यांकडून घ्यावी अशी एक सवय आहे. त्यांना अंग न तापवता पहिलाच बाण अचूक मारावा लागतो. तुम्हीही रोजचा पहिला बाण वेगळ्या कागदावर मारा, तारीख घाला, महिनाभर तोच कागद ठेवा. महिनाभराच्या त्या भोकांतून तुमची खरी पातळी कळते, कारण तापलेल्या अंगाने मारलेला सुंदर गट फसवा असतो. यासाठी खांदे हलवून मोकळे मात्र करून घ्या.

कागदातून बघणं, आणि माळव्याचं हवामान

नवं धनुष्य किंवा नवे बाण आले की चौकटीत ताणलेल्या वर्तमानपत्रातून दोन मीटरवरून बाण मारा, मागे पोतं ठेवा. गोल भोक आणि पिसांच्या तीन खुणा नीट दिसल्या तर उत्तम. नॉकची फाट वर गेली तर रेस्ट किंचित वर घ्या किंवा नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) खाली. आडवी फाट आली तर आधी ग्रिप तपासा, बरेचदा मुठीचा पीळ असतो. हात बदलूनही फाट राहिली तरच रेस्टला हात लावा, एका वेळी अर्धा मिलिमीटर.

एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत दोरीचं मेण वितळतं, दोरी ताणली जाते, पीप फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी बाण खाली का पडतात ते कळत नाही. या दिवसांत सराव सकाळी सहा ते नऊ. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, मैदानावर धूळ उडते. ५० मीटर शिकताना तो वारा नको, पण हात बसल्यावर मुद्दाम हवा. वाऱ्यात साईटच्या बबलकडे (धनुष्य सरळ आहे का ते दाखवणाऱ्या बुडबुड्याकडे) दर बाणाला बघा, वारा आला की हात नकळत धनुष्य तिरकं करतो.

पावसाळ्यात सराव संपला की आसांजवळ साचलेलं पाणी कापडाने टिपा, धनुष्य पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा, ओलं पेटीत बंद करू नका. दोरीला दर दोन आठवड्यांनी मेण लावा, बोटांनी चोळून आत मुरवा. सर्व्हिंगच्या, म्हणजे दोरीवरच्या धाग्याच्या, गुंडाळीवर नको. दोरीवर लव दिसायला लागली, सर्व्हिंग सरकली किंवा दोन वर्षं झाली की संच बदला. बदलण्यापूर्वी आस ते आस, ब्रेस हाइट, पीपची उंची आणि कॅमवरच्या खुणा वहीत उतरवून मोबाइलने फोटो काढून ठेवा. नवी दोरी पहिल्या शंभर-दोनशे बाणांत थोडी बसते, तोवर साईटच्या खुणा पेन्सिलनेच लिहा.